लालासाहेबांचा देवाशी अबोला

लालासाहेब आचारी म्हटलं की सांगलीत निम्म्या लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं आणि उरलेल्या निम्म्यांना आपल्या घरच्या लग्नाला त्यांची तारीख मिळाली नव्हती ते आठवून राग येतो. माणूस अंगानं आडवा, मिशा पांढऱ्या, खांद्यावर कायम पंचा. राग नाकाच्या शेंड्यावर, पण पहिली पंगत उठेपर्यंत टिकायचा नाही. "मीठ कमी पडलं तर घालता येतंय, जास्त पडलं तर आचाऱ्यानं मागल्या दारानं पळावं," असं ते वाढप्यांना सांगत. घर मार्केट यार्डाच्या मागं. वारा फिरला की हळदीचा वास थेट स्वयंपाकघरात.

आणि हे लालासाहेब ख्रिस्ती. जन्माचे नव्हेत, नंतर झालेले. चर्चमधले लोक कौतुकानं म्हणत, "काय ओढ हो या माणसाला देवाची! आपला गोतावळा सोडून आला." लालासाहेब ते ऐकून खाली मान घालत. लोकांना वाटायचं, नम्रपणा. नम्रपणा कसला हो? माणूस ओशाळायचा. कारण ओढ कशाची होती हे त्याचं त्याला पक्कं माहीत होतं.

झालं होतं असं. तरुणपणी लालासाहेब मलकापूरला वडिलांच्या हाताखाली शिकले आणि सांगलीत एका ख्रिस्ती लग्नाचं जेवण करायला आले. पंगती उठल्या, पाहुणे पांगले, आणि हे भट्टीशेजारी पातेल्याला टेकून बसले होते. तेवढ्यात नवरीची मावसबहीण तिथं आली. एस्तेर तिचं नाव. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आवं आचारी, तुमी जेवलात का?"

आता बघा, आचाऱ्याला लोक काय काय विचारतात. रस्सा उरला का, भात कच्चा कसा राहिला, कढई कुणाची, मुंबईच्या पाहुण्यांना डबा भरून द्याल का. जेवलास का, हे कुणी म्हणून विचारत नाही. लालासाहेबांना तर हातात झारा धरल्यापासून कुणी विचारलं नव्हतं. तिनं ताट वाढून आणलं, ते जेवेपर्यंत समोर उभी राहिली आणि जाताजाता, "मीठ जरा जास्त झालंय हं," असंही हसत सुनावून गेली. झालं. लालासाहेब गेले कामातून.

पुढच्या रविवारी चर्चच्या शेवटच्या बाकावर हे हजर. त्याच्या पुढच्याही. एस्तेरच्या वडिलांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. ते म्हणाले, "पोरगा कामाचा हाय, पण माझी लेक प्रभूला मानणाऱ्याच्याच घरात जाईल." मग काय! लालासाहेब पाळक अनंतरावांकडं बाप्तिस्म्याच्या शिकवणीला जाऊ लागले. प्रभूची प्रार्थना त्यांनी कांदे चिरताचिरता पाठ केली, त्यामुळं ती म्हणताना डोळ्यांतून नुसत्या धारा. वाढपी एकमेकांना म्हणत, "गड्या, ह्याच्यात लयच भक्ती शिरली रं."

शेवटच्या दिवशी अनंतरावांनी विचारलं, "लालासाहेब, तुला देव का हवाय?"

सासरेबुवांनी उत्तर आधीच शिकवून ठेवलं होतं. पापांची क्षमा व्हावी, नवं जीवन मिळावं, सगळं लालासाहेबांनी धडाधड म्हणून टाकलं. अनंतरावांनी त्यांच्याकडं बराच वेळ बघितलं. मग "बरं," एवढंच म्हणाले आणि बाप्तिस्मा दिला. महिन्याभरात लग्न लागलं.

तिकडं मलकापुरात आई अनसूयाबाईंनी अबोला धरला. निरोप नाही, भेट नाही. पण सांगलीला जाणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर चटणीचा डबा मात्र यायचा. साक्षी जन्मली तेव्हा म्हातारी न बोलावता आली आणि नातीला मांडीवर घेऊन बसली. लालासाहेबांनी विचारलं, "आये, बोलत नव्हतीस, मग चटणी कशाला धाडत व्हतीस?" तर म्हणते, "येड्या, अबोला आपल्या माणसासंगं धरत्यात. परक्याशी नुसतं बोलायचं ऱ्हातंय." लालासाहेब हसले आणि विसरून गेले.

संसार चांगला झाला. एस्तेरबाई घरी ब्लाऊज शिवायच्या, गल्लीतल्या बायकांना मापं घेताघेता चार गोष्टी सुनवायच्या, आणि रविवारी कुणाचंही लग्न असलं तरी नवऱ्याला चर्चला न्यायच्याच. चर्चमध्ये पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. लालासाहेबांनी तिसऱ्या बाकावरची कडेची जागा धरली ती कायमची. का, तर तिथून मधला खांब आड येत नाही आणि समोर खिडकीजवळ बसलेली एस्तेर नीट दिसते. उपदेश लांबला की यांचे डोळे मिटायचे, आणि पलीकडून ती खोकायची. तिचा तो खोकला चर्चमध्ये सगळ्यांना ओळखीचा होता. नाताळची चांदणी टांगायची, वर्षातून एकदा, सुगीबद्दल देवाचे आभार मानायच्या उपकारस्तुतीच्या सणाला साऱ्या मंडळीला प्रीतिभोजन रांधायचं, तेही मजुरी न घेता, असं सगळं लालासाहेब हौसेनं करत. एस्तेर खूश झाली की त्यांचा रविवार पावला. देव होता, म्हणजे सासरच्या वडीलधाऱ्यासारखा होता. त्याचा मान ठेवायचा, त्याच्यासमोर नीट वागायचं, आणि लक्ष बायकोकडं ठेवायचं.

मग एस्तेरबाई आजारी पडल्या. दुखणं मोठं होतं, लांबलं आणि हाताबाहेर गेलं. शेवटी शेवटी दवाखान्यातल्या खाटेवर पडल्यापडल्या त्यांनी नवऱ्याचा हात धरला आणि म्हणाल्या, "आवं, मी गेल्यावर माझ्यासाठी चर्चला जाऊ नगा हं."

"म्हंजे?" लालासाहेबांनी विचारलं.

"म्हंजे तुमाला कळतंय," त्या म्हणाल्या. आणि हसल्या. अगदी मीठ जास्त झालंय म्हणताना हसल्या होत्या तशा.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. आणि लालासाहेबांच्या काळजात ते वाक्य रुतून बसलं. म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं! इतकी वर्षं कडेची जागा, खांब, सगळं. आता जाऊ नका म्हणाली की दुसऱ्या कशासाठी जा म्हणाली? विचारायला माणूस राहिलं नव्हतं.

पुढं प्रभुभोजनाचा रविवार आला. सांगलीत आता नवे पाळक होते, तरुण, शिकलेले. त्यांनी नेहमीप्रमाणं सांगितलं, प्रभूच्या आठवणीची भाकर आणि प्याला घेण्याआधी ज्यानं त्यानं स्वतःची पारख करावी. हे लालासाहेबांनी आयुष्यभर ऐकलं होतं, आणि त्या वेळी ते बहुतेक दुपारच्या जेवणाचा विचार करत असत. त्या दिवशी मात्र त्यांनी खरोखर पारख केली. समोर खिडकीजवळची जागा रिकामी होती. आणि त्यांना वाटलं, मग मी कुणाला बघायला आलोय? कशाला बसलोय हितं? माणसं रांगेनं पुढं गेली. लालासाहेब उठले नाहीत. उपासना संपायच्या आधीच बाहेर पडले आणि चपला हातात घेऊन फाटकापर्यंत तसेच चालत गेले.

घरी येऊन रिकाम्या स्वयंपाकघरात त्यांनी देवाला सरळ सुनावलं, "हे बघ, तुझी माझी वळख तिच्यामुळं. ती न्हाई, तर आपलं काय नातं? मी काय तुझ्यासाठी आलो नव्हतो, आन उगाच आलो म्हणून सांगणार न्हाई. हितनं पुढं आपलं बोलणं बंद." असं म्हणून ढसाढसा रडले. आचाऱ्याचा हिशोब साधा होता. एखाद्या मसाल्यानं रश्शाला खरंच काही येतं का हे बघायचं, तर एकदा त्याच्याशिवाय रस्सा करून बघावा. देवाशिवाय राहून बघू. काही अडलं नाही, तर मग सगळं तिचंच होतं, आपलं काही नव्हतं.

उपकारस्तुतीचा सण जवळ आला तसे चर्चच्या कमिटीचे भाऊसो विचारायला आले. लालासाहेब म्हणाले, "औंदा दुसरा आचारी बघा."

भाऊसोंनी चहाचा कप खाली ठेवला. "आवं, काय बोलताय? दुसरा आचारी आणला तर मंडळी रश्शात पोहायला शिकंल!"

"शिकू द्या," लालासाहेब म्हणाले आणि साताऱ्याची एसटी धरून लेकीकडं निघून गेले.

साक्षीचं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला. नवरा रोहन रोज कंपनीच्या बसनं शिरवळला जाणारा, ती शाळेत शिकवणारी. दोघांनी बापाला फुलासारखं जपलं. पण साक्षीच्या एक गोष्ट लगेच लक्षात आली. जेवायच्या आधी पप्पा प्रार्थनेला डोळे मिटत नव्हते. ताट आलं की इकडंतिकडं बघत, घाईघाईनं पहिला घास तोंडात कोंबत. शेवटी तिनं खोदून विचारलं, आणि लालासाहेबांनी सगळं सांगून टाकलं. आईचं शेवटचं बोलणंसुद्धा.

साक्षी म्हणाली, "पप्पा, अनंतराव पाळक इथंच असतात आता, लेकाकडं. चला."

अनंतराव फार थकले होते, पण डोळे तसेच. लालासाहेब त्यांच्यासमोर सतरंजीवरच बसले. म्हणाले, "पाळकसाहेब, बाप्तिस्म्याच्या वक्ताला मी तुमाला खोटं सांगितलं व्हतं. मला देव नको व्हता. मला एस्तेर पायजे व्हती."

"माहीत आहे," अनंतराव म्हणाले. "तू म्हणून दाखवलंस ते उत्तर तुझ्या सासऱ्यांना मीच शिकवलं होतं. शब्दसुद्धा बदलला नव्हतास तू."

लालासाहेब सतरंजीवरून पुढं सरकले. "मग बाप्तिस्मा दिलात कशाला?"

"तू सांग. तुझ्या पंगतीत बिनबोलावता कोणी येऊन बसला, तर उठवतोस?"

"न्हाई बा. आजवर एकबी उठवला न्हाई."

"का?"

"आवं, भुकेला असतोय तो. आन लग्नाला येणारं निम्मं गाव जेवायलाच येतंय की. नवरा-नवरीला कोण बघतंय?"

अनंतराव हसले. म्हणाले, "बायबलात आहे बघ, सरोवराच्या काठी प्रभूनं हजारो लोकांना जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी ते त्याला शोधत पलीकडच्या काठाला आले. त्यानं तोंडावर सांगितलं त्यांना, की तुम्ही पोट भरलं म्हणून आलात. सांगितलं, पण आधी जेवू घातलं होतं. मग तू पोरीसाठी आलास म्हणून मी तुला दारातून परत पाठवू? पंगत माझी नव्हती रे. मी वाढपी."

लालासाहेबांना बरं वाटलं, पण ते आचारी, सहजासहजी मान डोलावणारे नव्हेत. म्हणाले, "ते आल्याचं झालं. पण मटण संपल्यावर कोण थांबतंय, पाळकसाहेब? माझं मटण संपलंय. आता मी कोण?"

"ते मला कसं कळणार?" अनंतराव म्हणाले. "ते तुझं तुलाच बघावं लागेल." आणि त्यांनी डोळे मिटले. म्हातारे प्रार्थना करत होते की झोपले होते हे काही कळलं नाही. बापलेक हळूच उठून बाहेर पडले.

त्याच आठवड्यातल्या रविवारी लालासाहेब मंडईतून कोवळा पावटा घेऊन आले. पावटा एस्तेरबाईंचा जीव की प्राण. त्या गेल्यापासून लालासाहेबांनी त्याला हात लावला नव्हता. लेकीला बाजूला सारून त्यांनी स्वतः खोबरं भाजलं, कांदा-लसणाची चटणी घातली, रस्सा उकळत ठेवला आणि तव्यावरून भाकऱ्या काढल्या. घरभर वास सुटला. रोहन न बोलावता ताट घेऊन बसला. सगळे बसले. लालासाहेबांनी भाकरी मोडली, रश्शात बुडवली, घास तोंडात घातला. रस्सा जमला होता. असा जमला होता की बस्स. आणि त्यांच्या तोंडून सहज निघून गेलं, "बापा, लय उपकार गा तुझे."

साक्षीनं मान वर केली. लालासाहेबांचा हात हवेतच राहिला.

"आयला," ते म्हणाले, "बोललो की मी!"

आणि मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. इतके दिवस आपण देवाशिवाय राहिलोच नव्हतो. सकाळी उठलं की पहिला विचार हाच, आज त्याच्याशी बोलायचं न्हाई. ताट आलं की आठवण, डोळे मिटायचे न्हाईत. गडावर ऊन पडलेलं दिसलं की तोंड फिरवायचं, कारण चांगलं म्हटलं की कुणाला तरी म्हणावं लागतं. एस्तेर होती तेव्हासुद्धा देवाची इतकी आठवण दिवसभर कधी काढली नव्हती! देव सासरचा नुसता ओळखीचा म्हातारा असता, तर बायकोच्या माघारी येणंजाणं आपोआप कमी झालं असतं, कुणी कुणावर रुसलं नसतं. पण आपण तर रुसून लेकीकडं निघून आलो. मलकापूरची म्हातारी आठवली, तिचा चटणीचा डबा आठवला. परक्याशी नुसतं बोलायचं ऱ्हातंय.

"साक्षे," लालासाहेब म्हणाले, "माझा त्याच्यावर राग व्हता गं. तिला नेली म्हणून. माझा. तुझ्या आईचा न्हवं, माझा सोताचा." आणि ताटावर बसूनच त्यांनी डोळे मिटले. मनात काय काय येत होतं. भट्टीशेजारी दमून बसलेल्या पोराला जेवलास का म्हणून विचारायला त्या दिवशी एस्तेरला कुणी धाडलं होतं? मी तिच्यामागं आलो खरा, पण ती माझ्याकडं कुणाच्या घरून आली होती? इतकी वर्षं ज्याच्या पंगतीला जेवलो त्याच्याकडं एकदा मान वर करून बघितलं नाही, आणि तरी त्यानं ताट काढून घेतलं नाही. उपकार मानायला शब्द पुरेनात. रस्सा निवून गेला. साक्षीनं तो पुन्हा गरम करून वाढला.

दुपारी त्यांनी भाऊसोंना फोन लावला. "मटण कुठनं घेणार हाय? मला इचारल्याबिगर कुणाला सांगून बसू नका!" पलीकडून भाऊसो एवढ्या मोठ्यानं "देवाची स्तुती असो" म्हणाले की रोहनला आतल्या खोलीत ऐकू गेलं.

सणाच्या दिवशी लालासाहेब पहाटेच चर्चच्या आवारात भट्टीपाशी हजर. लोकांनी उसाच्या मोळ्या, गुळाच्या ढेपा, भोपळे, हळदीच्या पाट्या आणून वेदीपुढं मांडल्या होत्या. रस्सा मंद आचेवर ठेवून, वाढप्यांना दम देऊन, हातपाय धुऊन लालासाहेब आत गेले आणि तिसऱ्या बाकावरच्या कडेच्या जागेवर बसले. गीतं झाली. ती त्यांनी नेहमीसारखी बेसूर आणि जोरात म्हटली. उपदेशात डोळा लागला नाही. प्रभुभोजनाची वेळ आली, पाळकांनी पारख करायला सांगितलं. लालासाहेबांनी मनातल्या मनात म्हटलं, बापा, मी तिच्यासाठी आलो व्हतो. तू ठेवून घेतलंस. आता मी तुझ्यासाठी थांबतो, जमंल तसं.

मग ते उठले, पुढं गेले, गुडघे टेकले. पाळकांनी भाकरीचा तुकडा हातावर ठेवला. साऱ्या सांगलीला जेवू घालणाऱ्या त्या भाजलेल्या, चरे पडलेल्या हातांवर तो एवढासा तुकडा. लालासाहेबांना अगदी तसं वाटलं, जसं भट्टीशेजारी पहिल्यांदा कुणीतरी ताट आणून दिलं होतं तेव्हा वाटलं होतं.

उपासना संपली तसे ते घाईनं भट्टीकडं पळाले. पातेल्याचं झाकण काढून झारा फिरवतायत, तोच मागून साक्षीचा आवाज आला. ती सकाळच्या एसटीनं आली होती आणि गाल फुगवून उभी होती. अंगावर आईची हळदी रंगाची साडी.

"पप्पा, कमाल झाली तुमची! एकदा तरी बघायचं ना! आईच्या जागेवर बसले होते मी, खिडकीपाशी. म्हटलं, तुम्हाला ती जागा रिकामी दिसायला नको. मुद्दाम तिची साडी नेसून आले. आणि तुम्ही मान म्हणून वळवली नाहीत!"

"तू तिथं व्हतीस?" लालासाहेबांनी विचारलं.

"पहिल्या गीतापासून! दोनदा खोकलेसुद्धा."

लालासाहेब झारा हातात धरून उभेच राहिले. त्या कडेच्या जागेवर बसून त्यांनी जन्मात पहिल्यांदा पलीकडं बघितलं नव्हतं, आणि बघितलं नाही हेही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. ते बाजूच्या स्टुलावर बसले. हसू लागले, आणि हसताहसता डोळ्यांतून धारा लागल्या. कांदे तर सकाळीच चिरून झाले होते.

"एस्तेर, ऐकलंस काय गं?" ते मोठ्यानं म्हणाले, वाढपी बघतायत याची पर्वा न करता. "आज मी तुझ्यासाठी न्हाई आलो."

साक्षीनं आईच्या पदरानं बापाचे डोळे पुसले. मग लालासाहेब उठले, कारण पहिली पंगत बसली होती आणि रस्सा गरमच वाढायचा होता.